गंधार उतरवताना

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या खात्यात अठ्ठावीस हजार रुपये जमा झाले. एका हिंदी कादंबरीच्या मराठी अनुवादाचा तो शेवटचा हप्ता होता, आणि तो इतका लांबला होता की त्याच्यावर मी केव्हाच पाणी सोडलं होतं. असे पैसे परत आले की ते किराण्यात घालवायला हात धजत नाही. मी ठरवलं, सिंथेसायझर घ्यायचा.

"घे की," नवरा म्हणाला. मग चहाचा एक घोट घेऊन, "पण म्हणजे नेमकं काय?"

ते मलाही नीट सांगता आलं नसतं. त्या यंत्राची आणि माझी ओळख शब्दांतून झाली होती. दोन वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करत होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर आणून बसवला आणि तिथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला, त्याची ती हकिगत. या सगळ्यामागे गीता साराभाई होत्या. याच गीताबाईंनी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केजला भारतीय संगीत शिकवलं होतं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं होतं. त्या स्टुडिओत काही भारतीय तरुणांनी तीनेक वर्षं काम केलं. मग त्या फिती कपाटात पडून राहिल्या आणि २०२३ साली तबकडीच्या रूपाने जगापुढे आल्या.

लेख सुंदर होता, पण मी त्यात अडकले. 'फिल्टर'ला काय म्हणू? गाळणी? 'ऑसिलेटर'ला आंदोलक म्हटलं तर वाचणाऱ्याला आंदोलनात बसलेला माणूस दिसेल. आणि 'एन्व्हलप'पुढे तर पहिल्या खर्ड्यात मी सरळ 'लिफाफा' लिहिलं होतं. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं, की लिफाफा उघडून आत काय आहे हे मी पाहिलेलंच नाही. शेवटी तिन्ही शब्द देवनागरीत तसेच ठेवले आणि मजकूर पाठवून दिला. कुणी काही म्हणालं नाही. मला मात्र ते खुपत राहिलं. तौलनिक साहित्यात एम. ए. केलेल्या बाईने न कळलेला शब्द नुसता लिप्यंतर करून पुढे ढकलावा, याला आमच्यात पळवाट म्हणतात.

संगीतातली मी अगदीच कोरी नव्हते. आठव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत मिरजेला अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे, पेटी शिकले. अण्णा एस. टी.च्या कचेरीत कारकून होते आणि संध्याकाळी हौशी संगीत नाटकांना पायपेटीची साथ करायचे. दहावीच्या तोंडावर मी पेटी सोडली. त्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "कान चांगला आहे तुझा. हात नाही." मी तो चांगला कान घेऊन भाषांकडे गेले आणि तीस वर्षं बिनबोभाट दुसऱ्यांच्या आवाजात बोलत राहिले.

आई गेल्यावर अण्णांना आम्ही जयपूरला घेऊन आलो. त्याला आता तीन वर्षं झाली. त्यांच्यासोबत त्यांची हातपेटी आली आणि मिरजेच्या कारागिराकडून घेतलेला तानपुरा, गोधडीत गुंडाळून. आम्ही मुरलीपुऱ्यात राहतो. शहराच्या उत्तरेला, सीकर रोडच्या अंगाला. नवऱ्याचा कारखाना विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीत, म्हणजे जवळच. वस्तीच्या नावात मुरली असली तरी आमच्या गल्लीत दिवसभर ऐकू येतात ते भंगारवाल्याचे रेकॉर्ड केलेले पुकारे, पाण्याच्या मोटारी आणि संक्रांतीच्या आगेमागे गच्चीगच्चीवर चढवलेले स्पीकर. अण्णांना यातलं हळूहळू काहीच टोचेनासं झालं. आम्हाला वाटलं, रुळले. खरं तर त्यांचं ऐकणं उतरत होतं.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "इथे जयपूर घराण्याचं घर कुठे गं?" मी हसले. त्या घराण्याचे अल्लादियाखाँ जन्मले जयपूरजवळच्या उनियाऱ्यात, पण त्यांचं गाणं फुललं कोल्हापुरात, शाहू महाराजांच्या आश्रयाने, आणि पुढे मुंबईत. केसरबाई, मोगूबाई, किशोरीताई, सगळ्या आपल्याच बाजूच्या. अण्णा म्हणाले, "म्हणजे तुझ्या जयपूरचं गाणं आमच्याकडे आलं आणि त्याच्या बदल्यात मी इकडे." बरेच दिवस हा विनोद ते पाहुण्यांना सांगत. मग पाहुणे काय उत्तर देतात ते त्यांना ऐकू येईनासं झालं आणि त्यांनी तो सोडून दिला.

पुण्याला माझा भाचा असतो. बावीस वर्षांचा, मित्रांच्या बँडमध्ये वाजवणारा. त्याला फोन करून मी बजेट सांगितलं.

"मावशी, तुला करायचंय काय?"

"शिकायचंय."

"ते झालंच गं. पण काय? गाणी वाजवायचीत? ट्रॅक बनवायचेत? की नुसतं नॉब फिरवत बसायचंय?"

शेवटचा पर्याय त्याने थट्टेने दिला होता. मला नेमका तोच हवा होता, पण लाज वाटली म्हणून म्हटलं, "सगळंच थोडं थोडं." त्यामुळे त्याने सगळ्याचीच यादी पाठवली. पुढचे दोन महिने मी रात्री अनुवादाचं काम उरकून ती यादी वाचत बसले. आता मागे वळून पाहताना कळतं, की निवडत राहणं हा न वाजवण्याचा फार सोयीचा मार्ग होता. वाचत असेपर्यंत मी जाणकार होते. यंत्र घरात आलं असतं तर त्या दिवसापासून नवशिकी झाले असते.

तरी त्या दोन महिन्यांत काही गोष्टी हाताशी लागल्या. माझ्यासारख्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिली अशी, की कीबोर्ड आणि सिंथेसायझर या दोन निराळ्या वस्तू आहेत, दिसतात सारख्या. जुन्या शहरातल्या एका वाद्यांच्या दुकानात मी गेले तेव्हा दुकानदाराने मोठ्या प्रेमाने एक लांबलचक कीबोर्ड पुढे केला. त्यात सतार होती, शहनाई होती, ढोलक होता, बटण दाबलं की कहरवा सुरू. "मैडम, इसमें सब है. जागरण वाले यही ले जाते हैं." त्याचं खोटं नव्हतं. उद्या कार्यक्रमात वाजवायचं असेल तर तेच घ्यावं. पण ते वाक्प्रचारांच्या कोशासारखं होतं. शेकडो तयार आवाज, आणि एखादा आवाज तसा का लागतो हे विचारायला जागाच नाही. मला घडण पाहायची होती. १९८३ साली आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७चीही गोष्ट काहीशी अशीच. यंत्र अतिशय खोल, पण अंगावर नॉब जवळजवळ नाहीत, सगळं बटणांच्या आणि आकड्यांच्या आड. त्यामुळे बहुतेकांनी त्यातले कारखान्यातून आलेले आवाजच वाजवले, आणि त्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत तेच ते आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

दुसरी गोष्ट मला जंतरमंतरने शिकवली. एका रविवारी आम्ही अण्णांना तिथे नेलं होतं. सवाई जयसिंगांनी आधी पितळेची यंत्रं वापरून पाहिली होती. ती लहान पडत, त्यांचे आस झिजत आणि वेध चुकत. म्हणून त्यांनी दगड-चुन्याची प्रचंड यंत्रं बांधली. सम्राट यंत्राची सावली सेकंदाला जवळपास एक मिलिमीटर सरकते आणि ती सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसते. अण्णा त्या सावलीपाशी पंधरा मिनिटं उभे होते. मार्गदर्शकाचं एक अक्षर त्यांना ऐकू येत नव्हतं, तरी यंत्र पुरतं कळलं होतं. मी मनाशी म्हटलं, माझा सिंथेसायझर असाच हवा. एका नॉबला एकच काम, आणि तो फिरवला की काय झालं ते तिथल्या तिथे कळावं.

तिसरी गोष्ट किती सूर एकदम वाजतात ही. काही सिंथ एका वेळी चार किंवा आठ सूर वाजवतात, काही एकच. एकाच सुराच्या यंत्राला मराठीत 'एकसुरी' म्हणायची सोय नाही, कारण त्या शब्दाने आपल्याकडे आधीच कंटाळवाणेपणाशी घरोबा केला आहे. पण १९७०चा मिनीमूग एका वेळी एकच सूर वाजवायचा आणि त्याचं काही अडलं नाही. आपलं संगीतही एका सुराच्या मागे एक सूर असंच जातं. चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली. तिच्यात रोलँडचा टीबी-३०३ आहे, एकावेळी एकच सूर वाजवणारा, पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असलेला. ती घसरण म्हणजे मींड. पेटीला जन्मात न जमलेली गोष्ट. तबकडी तेव्हा फारशी चालली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या नव्या कानांना वाटलं, शिकागोत नंतर जन्मलेल्या ॲसिड हाउस संगीताशी हिचा चेहरा किती जुळतो.

चौथी गोष्ट साधी, पण कुणी आधी सांगत नाही. यातल्या बहुतेक यंत्रांना स्पीकर नसतो. हेडफोनचे पैसे बाजूला काढून ठेवावे लागतात.

आणि लॅपटॉपवर हे सगळं जवळपास फुकट मिळतं, हे भाच्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मी रोज आठ तास त्याच पडद्यापुढे बसते. आणखी एक खिडकी मला उघडायची नव्हती.

एवढं सगळं कळूनही मी ठरवत नव्हते. ठरलं ते अण्णांच्या पेटीमुळे.

एप्रिलमध्ये त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीनंतर हातात एक आलेख आला. डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे. रेघ हजार हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सरळ जात होती आणि दोन हजारांच्या पुढे घाटातल्या रस्त्यासारखी कोसळत होती. वयामुळे येणारा बहिरेपणा बहुधा असाच वरून खाली उतरतो. कानयंत्र घेतलं. बोलणं थोडं कळू लागलं, पण पहिल्याच संध्याकाळी अण्णांनी पेटी काढली, दोन मिनिटं वाजवली, भाता बंद केला आणि पेटीवर कापड टाकलं. म्हणाले, "पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखी वाटते." ही यंत्रं मुळात बोलणं कळावं म्हणून घडवलेली असतात, संगीत त्यांना नीट पेलत नाही. यंत्र काढून वाजवलं तर सूर ऐकू येत, पण अंधुक. मग त्यांनी पेटी उघडणंच सोडलं. घरात आम्ही एकमेकांशी ओरडून बोलू लागलो होतो. ओरडून बोलताना प्रेमाचं वाक्यसुद्धा भांडणासारखं वाटतं. कधीकधी ते खरोखरच भांडण असे.

त्याच सुमारास भाचा फोनवर एका यंत्राबद्दल बोलता बोलता म्हणाला, "यात मायक्रोट्यूनिंग आहे, म्हणजे प्रत्येक पट्टीचा सूर वेगळा चढवता-उतरवता येतो. पण ते तुला काय लागणार?"

मी ताठ बसले. "गंधार उतरवता येईल?"

"काय उतरवता येईल?"

अण्णांची आयुष्यभराची तक्रार गंधाराची होती. पेटी मुळात बाहेरून आलेली. तिच्यात सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, कुठल्याही पट्टीतून वाजवता यावं म्हणून. शंभर सेंटचा एक तुकडा, बाराशेचं सप्तक. शुद्ध गंधार पेटीत चारशे सेंटवर बसतो. तानपुऱ्याच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो तीनशे शहाऐंशीवर असतो. म्हणजे पेटीचा गंधार चौदा सेंट चढा. धैवत जवळपास सोळाने चढा, निषाद बाराने. १९४०पासून तीनेक दशकं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, तिच्या कारणांत हेही एक होतं. बावीस श्रुतींची पेटी करायचे प्रयत्न महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षं चालले आहेत. देवल-क्लेमंट्सपासून आपल्या काळातल्या डॉ. विद्याधर ओकांपर्यंत. अण्णांना तशी पेटी परवडण्यातली नव्हती. साथीला बसले की गंधारावर ते बोट अगदी ओझरतं ठेवत, गरम तव्याला लावल्यासारखं.

भाच्याने सांगितलेलं यंत्र होतं कॉर्गचं मोनोलॉग. साधारण २०१७पासून बाजारात आलेलं. पंचवीस बारक्या पट्ट्या, एका वेळी एक सूर, दोन ऑसिलेटर, एक फिल्टर, बॅटरीवरही चालणारं, आणि ध्वनीची लाट दाखवणारी आगपेटीएवढी पडदी. माझ्या तिन्ही अटींत ते बसत होतं. गंधाराची चौथी अट मी तेव्हाच लावली होती. पुण्यातल्या एकाने वापरलेलं वीस हजारांना मिळालं आणि ओळखीच्या कुटुंबाबरोबर रेल्वेने जयपूरला आलं. उरलेल्या पैशांत दोन हेडफोन आणि ते एकदम लावायची एक दुबेळकी वायर घेतली. दोन हेडफोन का घेतले, ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

पहिल्या रात्री एकटीच बसले. ऑसिलेटर म्हणजे कच्चा आवाज. त्याची एक लाट करवतीच्या दात्यांसारखी असते आणि आवाजही तसाच, चिरत जाणारा. त्यात खालपासून वरपर्यंत सगळे सहस्वर भरलेले असतात. मग फिल्टर. कट-ऑफचा नॉब उलटा फिरवत गेलं की वरचे सहस्वर एकेक करून मिटत जातात. करवतीचा पितळी कर्णा होतो, कर्ण्याची बासरी होते, आणि शेवटी भिंतीपलीकडून कुणीतरी गुणगुणतंय असं वाटतं. एन्व्हलप म्हणजे आवाज कसा उगवतो आणि कसा मावळतो ते. सतारीची तार छेडली की आवाज एकदम येतो आणि विरत जातो, सारंगीचा गज मात्र सावकाश चढतो. दोन वर्षांपूर्वीचा तो शब्द मला त्या रात्री मिळाला, 'उठाव-उतार'. लेख तेव्हाच छापून झाला होता.

दुसऱ्या ऑसिलेटरला एक खटका होता. तो वर केला आणि हेडफोनमध्ये नुसता फस्स आवाज सुरू झाला, जुन्या टीव्हीवर मुंग्या आल्यावर यायचा तसा. गंमत म्हणून मी फिल्टर मिटवत नेला. पूर्ण उघडा असताना तो आवाज दंत्य 'स' होता. थोडा मिटवला तसा 'श' झाला. आणखी मिटवल्यावर घशातला 'ह'. मग दूरच्या वाहतुकीचा घोंगाट. मग काही नाही.

मी हेडफोन काढले आणि बराच वेळ तशीच बसले. स, श, च, फ ही व्यंजनं आलेखाच्या उजव्या उतारावर राहतात. स्वर डावीकडे राहतात. अण्णांना आमची वाक्यं ऐकू येत होती, पण त्यांतली अर्धी व्यंजनं गळून पडलेली. 'भात' आणि 'भाज', 'सात' आणि 'हात' यांत निवड करत ते दिवसभर अंदाजाने जगत होते. दर वाक्याला मूळ संहितेतली अर्धी अक्षरं पुसलेली, आणि अनुवाद ताबडतोब हवा. आणि आम्ही काय करत होतो, तर तेच वाक्य अजून मोठ्याने म्हणत होतो. ओरडण्याने स्वर वाढतात. गेलेला 'श' ओरडून परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांना कानयंत्र काढायला लावून हेडफोन चढवले. आवाज मुद्दाम बेताचा ठेवला. कागदावर लिहून दाखवलं: आवाज बदलला की हात वर करा. करवतीचा सूर लावला, फिल्टर सताड उघडा ठेवला आणि नॉब सावकाश मिटवू लागले. माझ्या कानातला आवाज पहिल्या वळणालाच बदलला. धार गेली. अण्णांचा हात मांडीवरच होता. मी आणखी फिरवला. आवाजाचं पितळ उतरलं, तो पुरता मऊ झाला. अण्णा शांतपणे माझ्याकडे बघत होते, आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे. नॉब अर्ध्याच्या खाली गेला तेव्हा त्यांनी हात वर केला. "आत्ता," ते म्हणाले. "आत्ता जरा मऊ झाला."

मी त्या जागी नॉबवर पेन्सिलीने खूण केली. अण्णांचं जग त्या खुणेपर्यंत होतं. मग नॉब त्या खुणेवरच ठेवून मी त्यांची एक जुनी नांदी चाचपडत वाजवली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा, ते काय ऐकतात ते ऐकलं.

"काय गं?" त्यांनी विचारलं. माझा चेहरा दिसला असावा.

मी त्यांच्या समोर तोंड करून, हळू आणि खालच्या पट्टीत म्हटलं, "काही नाही, अण्णा. मला कळलं."

"हां," ते म्हणाले. ओरडले असते तर हे त्यांना कळलं नसतं.

गंधाराला पुढच्या रविवारी हात घातला. तानपुरा गोधडीतून काढला, तारा बदलल्या आणि काळी एकला लावला. षड्ज म्हणजे सुमारे एकशे एकोणचाळीस हर्ट्झ. भाच्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे यंत्रात एक रिकामी स्वरमाला उघडली. तिथे प्रत्येक पट्टीपुढे शून्य दिसतं आणि नॉबने ते वर-खाली करता येतं. नवऱ्याने तानपुरा छेडायचा, मी यंत्र सांभाळायचं. हेडफोन नको म्हणून यंत्र घरातल्या टीव्हीच्या स्पीकरला जोडलं, आणि अण्णांनी त्या स्पीकरवर तळहात ठेवला.

आधी गंधार होता तसाच वाजवला, खालच्या सप्तकात. तानपुऱ्याच्या षड्जातून उमटणारा स्वयंभू गंधार आणि यंत्राचा चढा गंधार यांची टक्कर होऊन आवाजाला थरथर सुटली, सेकंदाला पाच-साडेपाच ठोक्यांची. ती टक्कर सातशे हर्ट्झच्या आसपास होते. म्हणजे अण्णांच्या खुणेच्या आत. त्यांनी कपाळाला आठी घातली. तीच आठी, मिरजेच्या नाट्यगृहातली.

"चढा आहे," ते म्हणाले.

मी उतरवू लागले. उणे चार. उणे सात. थरथर मंदावली, झोपाळ्यासारखी हेलकावू लागली. उणे दहा. "अजून." उणे तेरा. अण्णांनी डोळे मिटले होते. उणे सतरा. "गेलास पुढे," ते म्हणाले. ते कुणाशी बोलत होते कुणास ठाऊक, साथीला बसलेल्या कुठल्या तरी जुन्या माणसाशी असावं. "मागे ये. मागे... थांब."

पडदीवर उणे पंधरा होतं. पुस्तक चौदा म्हणतं. मी पंधरा ठेवलं.

थरथर थांबली होती. तानपुरा आणि यंत्र यांतला सांधा ऐकू येईना. नवरा छेडत राहिला. त्याला गाण्यातलं काही कळत नाही, पण थांबायचं नाही एवढं त्याला कळलं. मग आम्ही धैवत केला, निषाद केला. त्याला तास गेला. मध्ये एकदा वीज गेली. यंत्र बॅटरीवर चालू राहिलं, पण स्पीकर बंद पडला, तेव्हा तेवढ्यापुरते हेडफोन लावले.

हे लिहीत असताना यंत्र घरात येऊन सात-आठ महिने झाले आहेत. मी चांगलं वाजवत नाही. भूपाचे पाच स्वर सरळ जातात, यमनात मध्यमाशी बोट अजून अडखळतं. ट्रॅक एकही बनवलेला नाही. भाचा विचारतो तेव्हा म्हणते, नॉब फिरवत बसते. अण्णांचं ऐकणं सुधारलेलं नाही, ते सुधारणारंही नाही. पुढच्या तपासणीत रेघ आणखी थोडी उतरली असेल आणि पेन्सिलीची खूण मला खाली सरकवावी लागेल, हेही माहीत आहे. पण घरातलं ओरडणं पुष्कळ कमी झालं आहे. समोर बसून बोलायचं, 'स'चा शब्द टाळता आला तर दुसरा घ्यायचा. प्रतिशब्द शोधणं हे तर माझं रोजचंच काम. 'संध्याकाळी' नाही कळलं तर 'दिवेलागणीला' म्हणते. हा शब्द मी कित्येक वर्षांत वापरला नव्हता.

दुपारी चारच्या सुमारास अण्णा स्पीकरवर हात ठेवून बसतात. मी खर्जात गंधार लावते आणि त्यावर चाचपडत काहीतरी रचते. काल मी जरा रंगात येऊन घाईघाईने एक तान घेतली. ती कोसळली.

"कान चांगला आहे तुझा," अण्णा म्हणाले.

पुढचं वाक्य मला पाठ होतं. मी वाट पाहिली. ते काही बोलले नाहीत. स्पीकरवरचा तळहात जरा सरकवून त्यांनी नीट टेकवला आणि बोटानेच खूण केली, पुन्हा घे.